पांढराशुभ्र फिल्टर

"हा कागदाचा. वर्षभर वापरायचा आणि फेकून द्यायचा," गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला. "आणि हा कापडाचा. मळला की धुवायचा आणि परत बसवायचा. गाडी मोडीत निघेल, पण हा नाही."

खळकाकांनी दोन्ही एअर फिल्टर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. खरं तर निवड आधीच झाली होती. 'फेकून द्यायचा' हे शब्द आपण कोणासमोर उच्चारतोय, याची मिस्त्रीला कल्पना नव्हती, इतकंच.

गाडीत बसलेल्या काकूंनी काच खाली केली. "अहो, कागदाचाच घ्या. आयुष्यात एक तरी वस्तू फेकून बघा. हात झडत नाही!"

"तू बोलू नकोस. तुला दम लागतो."

"मला लागतो म्हणूनच म्हणते, गाडीला तरी लागू नये."

मिस्त्री हसला. कापडाच्या फिल्टरबरोबर त्यानं लाल तेलाची एक छोटी बाटली दिली. "काका, एक लक्षात ठेवा. धुऊन वाळला की हे तेल लावायचं, हलक्या हातानं, सगळीकडे. धूळ या तेलालाच चिकटते. कोरडा बसवलात तर बारीक धूळ सरळ इंजिनात जाईल."

"धुतलेल्या कापडाला तेल?" खळकाकांनी असं विचारलं, जणू कोणी आंघोळ करून चिखलात लोळायला सांगितलंय.

त्यांचाही इलाज नव्हता. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात त्यांची उभी हयात गेली होती. चादरींच्या आणि स्वभावाच्या कडकपणामुळे त्यांना खळकाका हे नाव पडलं, आणि निवृत्तीच्या भाषणात साहेबांनीही तेच वापरलं. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "रक्ताला घाबरू नका. रक्त थंड पाण्याचं ऐकतं. तेल मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाही." जगात चांगलं-वाईट असं काही असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, स्वच्छ आणि तेलकट, अशी दोनच खाती त्यांच्या हिशेबात होती. घरी काकू रात्री डोक्याला तेल चोळून झोपत, आणि खळकाका सकाळी उशीचा अभ्रा कढत पाण्यात बुडवत. त्यांच्या संसारातलं हे एवढंच भांडण, पण ते रोजचं.

निवृत्तीनंतर काकूंची मूत्रपिंडं थकली. एक दिवसाआड त्यांना त्याच इस्पितळात नेऊन यंत्राला जोडावं लागे. चुकलं तर अंगात पाणी साठे आणि वर छातीपर्यंत चढे. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती, त्यामुळे गाडी हाच काय तो आधार.

"रक्त धुऊन देतात म्हणजे धुलाईच की ही," खळकाका म्हणत.

"तुमच्या ताब्यात दिलं असतं तर पिळून दोरीवर टाकलं असतं मला."

नवा फिल्टर बसवल्याला महिना झाला, तसा त्यांनी तो काढला. कोमट पाणी, मऊ ब्रश, घडीघडीतून हळुवार धार. सावलीत वाळवला. असा पांढराशुभ्र निघाला, की त्यांनी तो आत नेऊन काकूंना दाखवला.

"छान. तेल लावलंत?"

"वेड लागलंय का मला?"

"अहो, मिस्त्रींनी सांगितलंय ना."

"मिस्त्रीला इंजिनातलं कळतं. कापडातलं मला विचार."

लाल तेलाची बाटली साबणांच्या फळीवर मागे सरकली. तिचं झाकण उघडलंच गेलं नाही.

त्याच सुमारास इस्पितळाचा चढाचा रस्ता रुंद करायला घेतला. एक बाजू खणून ठेवलेली, दुसरीवरून वाहनं मुंग्यांसारखी सरकणारी, आणि सगळीकडे पिठासारखी धूळ. गाडी चढावर अडखळू लागली. खळकाकांनी त्यावर त्यांना ठाऊक असलेला एकच उपाय केला. आधी महिन्याला धूत होते, आता आठवड्याला धुवू लागले. गाडी जितकी दमे, तितका फिल्टर पांढरा होई. कापडात धूळ फारशी सापडत नाही, याचं त्यांना समाधान वाटे. ती मग जाते कुठे, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

"मिस्त्रींना दाखवा एकदा," काकू म्हणाल्या.

"धुतलाय कालच."

"तुम्ही धुतलंत की संपलं. देवसुद्धा मग बोलत नाही."

त्या आठवड्यात इस्पितळातलं यंत्र बिघडलं आणि काकूंची एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाय सुजलेले होते आणि आडवं पडवत नव्हतं. खळकाकांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली. चढाच्या मध्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. किल्ली फिरवली की इंजिन खोकायचं, पण धरत नव्हतं.

"उतरून ढकलू का?" काकूंनी विचारलं. एका श्वासात एकच शब्द येत होता.

खळकाकांनी फोन करून अँब्युलन्स मागवली. ती खालच्या नाक्यावरून लगेच निघालीही. पण रस्ता एकपदरी, आणि त्यांच्याच गाडीमागे खालच्या वळणापर्यंत वाहनांची रांग लागलेली. भोंगा ऐकू येत होता, पण जागचा हलत नव्हता. मागचे हॉर्न मारत होते. "म्हातारबुवा, गाडी बाजूला घ्या की!" कोणी तरी ओरडलं. खळकाकांनी काकूंचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवत राहिले.

शेवटी रस्त्याच्या कामावरच्या दोन मजुरांनी काकूंना खुर्चीत बसवून वर नेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग खळकाकांकडे बघायचं टाळलं.

पुढच्या आठवड्यात खळकाका गाडी बघायला गॅरेजात गेले. परगावाहून आलेली मुलगी सोबत होती. मिस्त्रीनं फिल्टर काढून उजेडात धरला, मग त्याच्यामागच्या नळीत बोट फिरवलं. बोटावर राखाडी थर आला. ते बोट त्यानं खळकाकांसमोर धरलं. "काका, तुम्ही तेल..."

मागे उभ्या असलेल्या मुलीकडे त्याचं लक्ष गेलं. त्यानं बोट पॅंटला पुसलं.

"जुनी गाडी," तो म्हणाला. "कधी तरी व्हायचंच हे."

"ऐकलंत ना बाबा?" मुलगी म्हणाली. "उगाच मनाला लावून घेऊ नका."

खळकाका मिस्त्रीच्या पॅंटवरच्या राखाडी डागाकडे बघत राहिले. त्यांनी कोणाला कधी सूट दिली नव्हती; मिळाली की ती घ्यायची कशी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"हा टाकून देऊ?" मिस्त्रीनं फिल्टरकडे बोट दाखवलं.

"टाका," खळकाका म्हणाले. मुलीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

घरी आल्यावर तिनं आईचा पलंग आवरायला घेतला. चादर काढली, गाडीतून आणलेल्या उशीचा अभ्रा काढला आणि सगळं मशीनकडे घेऊन निघाली. खळकाका वाटेत उभे राहिले आणि तिच्या हातातल्या बोळ्यातून त्यांनी अभ्रा तेवढा ओढून घेतला.

"बाबा, तेलकट झालाय तो. किती मोठा डाग आहे बघा."

"असू दे."

त्यांनी अभ्रा मांडीवर पसरला, तळव्यानं इस्त्री केल्यासारखा सारखा केला. मग इस्पितळातली चादर घडी करावी तशी कोपऱ्याला कोपरा लावून, डाग आतल्या बाजूला घेऊन, त्याची घडी घातली, आणि कपाटात धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ठेवली.