विहीणबाई घाटात

क्रांती चौकातून दर रविवारी पहाटे निघणाऱ्या सायकल मंडळात बाकी सगळे नियम धाब्यावर बसवले जात, एक सोडून. वर्षातून एकदा कन्नडचा घाट चढायचा, आणि चढताना ज्याचा पाय जमिनीला टेकेल तो पुढचं वर्षभर मंडळाचा कोतवाल. कोतवालाने भडक नारिंगी जाकीट घालून सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणाची चेन उतरली, कुणाच्या पायात गोळा आला की त्याच्यापाशी थांबायचं. पाय टेकला की नाही हे तपासायला कुणी बसलेलं नसे. ज्याचं त्याने सांगायचं. एरवी खंडीभर थापा मारणारी ही मंडळी या एका बाबतीत मात्र खोटं बोलत नसत.

प्रमोदिनीबाई लागोपाठ दोन वर्षं कोतवाल होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघे धरून बसण्याऐवजी त्यांनी सायकल घेतली, तेव्हा त्यांचे यजमान सदाशिवराव म्हणाले होते, "आता हे एक राहिलं होतं." बाईंनी ते मनावर घेतलं नाही. जाकिटाचंही त्यांना काही वाटत नव्हतं. पण गेल्या महिन्यात दौलताबादच्या चढावर मंडळाचा म्होरक्या हिमांशू एका नव्या मुलीला सांगत होता, "तू बिनधास्त चल, मागं काकू आहेत. काकू कायम मागंच असतात." पोरगा मनाने वाईट नव्हता, आणि तेच जास्त लागलं. 'कायम' हा शब्द बाईंच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. त्या दिवसापासून त्या रोज पहाटे सायकल काढू लागल्या. यंदा पाय टेकायचा नाही म्हणजे नाही.

यात एक भानगड होती. घाटमाथ्यावर, रस्त्याला अगदी लागून, त्यांचे व्याही नानासाहेब यांचं शेत होतं. नानासाहेबांचा शिवम आणि बाईंची स्वराली पुण्याला नोकरी करता करता एकमेकांना पसंत पडली, आणि दोन्ही घरांनी थोडे आढेवेढे घेऊन लग्न लावून दिलं. पोरं सुखात होती. व्याह्यांचं मात्र लग्नातच बिनसलं. नानासाहेबांचे थोरले बंधू तात्यासाहेब यांना फेटा बांधायचा राहून गेला. फेटे बांधणारा त्या वेळी जेवायला बसला होता, एवढंच कारण. पण मानपानात कारणं कोण ऐकतं? तेव्हापासून दोन्ही घरांत दिवाळी-दसऱ्याचा फोन तेवढा चालू होता, आणि तोही मोजूनमापून.

अशा वेळी व्याह्यांच्या दारावरून जायचं आणि आत पाऊल टाकायचं नाही म्हणजे दुसरा गुन्हा. आत जावं, तर आधी चहा, मग जेवण, मग ओटी. दुपार तिथंच. शिवाय अंगात सायकलची ती घट्ट काळी विजार. त्या विजारीत विहीणबाईंसमोर बसून ओटी घेण्याची कल्पनाच बाईंना सोसवेना. म्हणून त्या रविवारी मंडळाचा टेम्पो सायकली घेऊन कन्नड ओलांडून पायथ्याकडे निघाला, तेव्हा नानासाहेबांचं शेत येताच बाईंनी ओढणीने तोंड झाकलं आणि झोपेचं सोंग घेतलं. बँकेची माजी व्यवस्थापक व्याह्यांच्या दारावरून चोरासारखी गेली.

घाट सुरू झाला आणि तरणी मंडळी भराभर पुढे निघून गेली. बाईंना एकटेपण बरं वाटलं. पाऊसकाळ नुकताच सरला होता. साग अजून हिरवागार होता, डोंगराच्या उतारावर सीताफळं डोळे उघडू लागली होती, आणि कठड्यावर बसलेली वानरं रविवारची सुट्टी असल्यासारखी निवांत होती. जड वाहनं बंद झाल्यापासून घाटात स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो. बाईंनी हलका गिअर टाकला आणि ठरवून टाकलं, वर बघायचं नाही. पुढचं वळण आलं की ते घ्यायचं, मग त्याच्या पुढचं.

अर्धा घाट झाला, तेव्हा एक मोटारसायकल समोरून आली, पुढे गेली, थबकली आणि गर्रकन वळून वर पळाली. तो नानासाहेबांचा चुलतभाऊ कडुबा होता. चाळीसगावला बियाणं आणायला निघालेला कडुबा बियाणं विसरला आणि थेट शेतावर जाऊन थडकला.

"नाना, तुमच्या इहीणबाई घाटात हायेत! एकट्या! सायकलवर! त्वांड लालबुंद झालंय!"

नानासाहेबांनी तिथल्या तिथे सदाशिवरावांना फोन लावला. सदाशिवराव साखरझोपेत होते. "ती होय? ती गेली पहाटेच. मला विचारून थोडीच जाते," एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. नानासाहेबांनी फोन ठेवला आणि बायकोकडे, द्वारकाबाईंकडे पाहिलं. गोष्ट उघड होती. इहीणबाई घरातून रुसून निघाल्या, गाडीघोडं काही मिळालं नाही, आणि बिचारी मिळेल त्या सायकलवर बसून आपल्या दाराला यायला निघाली. फेट्याचं असो नाहीतर कशाचं, संकटात माणूस आपल्या माणसाकडेच येणार! द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाण्याची कळशी आणि पेला जीपमध्ये ठेवला आणि दोघं घाटात निघाले.

घाटाचा शेवटचा टप्पा सगळ्यात खडा. बाईंचा वेग आता चालत्या माणसाएवढा उरला होता. मांड्यांत आग पेटली होती, पण पाय टेकला नव्हता, आणि आता टेकणारही नाही असं पहिल्यांदाच वाटू लागलं होतं. नेमकी तेव्हाच जीप वरून आली, वळली आणि शेजारून चालू लागली.

"इहीणबाई, उतरा! जीपमधी बसा!" नानासाहेब ओरडले.

व्याही समोर असताना विहिणीने खाली उतरून नमस्कार करायचा नाही, हे कुठल्या जगात बसतं? उतरावं तर सगळी मेहनत पाण्यात, आणि न उतरावं तर फेट्याच्या वर दुसरं लचांड.

"नमस्कार," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण मला... पाय... टेकायचा नाहीये."

"कामून?"

"वर... पोचेपर्यंत... टेकायचा नाही."

जीप क्षणभर मागे पडली. मग नानासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "नवस हाय का?"

आता काय सांगणार? मंडळ, कोतवाल, नारिंगी जाकीट, हिमांशूचा तो 'कायम'? एवढं बोलायला छातीत हवा कुठे होती? "हो," बाई म्हणाल्या. एका अक्षरात सुटका झाली असं त्यांना वाटलं.

पण सुटका कसली, तिथूनच सगळं सुरू झालं. माथ्यावर देवीचं ठाणं आहे, म्हणजे नवस तिचाच, हे नानासाहेबांनी स्वतःच ठरवलं. ते जीप पुढे घालून हॉर्न वाजवत समोरची वाहनं बाजूला करू लागले. "सरका, सरका! इहीणबाईंचा नवस हाय!" एका कारमधल्या सहलीच्या मंडळींनी खिडकीतून हात जोडले. द्वारकाबाई कळशी कमरेवर घेऊन खाली उतरल्या आणि सायकलीच्या बरोबरीने चालू लागल्या.

"बोलू नका, इहीणबाई. दम धरा. ह्ये काय, आलंच की ठाणं!"

बाईंना हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. पण खरं सांगायचं, तर द्वारकाबाईंच्या चपलांचा पट्‌पट् आवाज शेजारी आल्यापासून पायांत नवं बळ आलं होतं. शेवटचं वळण सुटलं. ठाण्याचा भगवा झेंडा दिसला, आणि झेंड्याखाली दात काढून उभी असलेली मंडळाची पोरं दिसली. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि जोर लावला.

द्वारकाबाईंनीही झेंडा पाहिला. नवसाचं माणूस देवीच्या दाराशी आलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्या लगबगीने पुढे झाल्या, "उदे गं अंबे उदे!" म्हणाल्या, आणि अख्खी कळशी बाईंच्या पायांवर रिकामी केली.

ओला बूट पॅडलवरून सर्रकन सटकला, सायकल कलली, आणि बाईंचा उजवा पाय चिखलात टेकला.

मध्ये जीप असल्यामुळे वरच्या पोरांना नीटसं दिसलंही नव्हतं. बाई सायकलीच्या दांड्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. साठी उलटलेली बाई हायवेवर उभी राहून लहान पोरीसारखी रडली.

"आगं बाई, म्या नवस मोडला," द्वारकाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "देवीआई, पाप माझं, तिला काई लावू नको."

आता मात्र बाईंना राहवेना. "नवस नव्हता हो, द्वारकाताई. मी खोटं बोलले." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोतवाल, जाकीट, हिमांशू, तोंडावर ओढलेली ओढणी, सगळं. "नवस नाही, बिवस नाही. नुसती हौस. माझीच."

द्वारकाबाई रिकामी कळशी धरून ऐकत होत्या. आता काय ऐकावं लागणार, या भीतीने बाईंनी मान वर केली नाही.

"मंग तर लईच वंगाळ झालं," द्वारकाबाई म्हणाल्या. "नवस चुकला तर देवीच्या पाया पडता येतं, ती समजून घेती. हौस चुकली तर कुणाच्या पाया पडायचं?"

नानासाहेब जीपमधून डोकावले. "वर पोरान्ला कुठं दिसलं? दोन पावलं तर राह्यलीत. जाऊ द्या की."

"इहीणबाईंनी सवताच बघितलं ना?" द्वारकाबाई कडाडल्या. "टाका ती सायकल जीपमधी. परत पायथ्यापासून."

"पायथ्यापासून?" बाई आणि नानासाहेब एका सुरात म्हणाले.

"मंग काय अर्ध्यातून? असं कुठं असतंय?"

बाईंनी नको नको म्हटलं, पण त्यात जोर नव्हता. जीप खाली उतरली. वाटेत द्वारकाबाईंनी गाडी थांबवून झाडाची चार पिकलेली सीताफळं तोडली आणि विहिणीला समोर बसवून खायला लावली. बिया खिडकीबाहेर उडवताना दोघी पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. घट्ट विजारीकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या वेळचा घाट पहिल्यापेक्षा लांब होता, असं बाई आजही शपथेवर सांगतात. ऊन चढलं होतं. वानरंसुद्धा सावलीला गेली होती. जीप बरीच मागे राहून येत होती, कारण द्वारकाबाईंनी नवऱ्याला ताकीद दिली होती की हॉर्न वाजवायचा नाही, पाणी द्यायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. खड्या टप्प्यावर बाई जवळजवळ थांबल्याच. सायकल डुगडुगली. मागून काहीही आवाज आला नाही. आपल्यासाठी इतकं गप्प कुणी कधी राहिलं नव्हतं, असं बाईंना वाटून गेलं, आणि पॅडल फिरलं.

पोरं अजून माथ्यावरच थांबली होती. काकू खाली का गेल्या हे कुणाला कळलं नव्हतं. शेवटचं वळण घेऊन बाई आल्या, तेव्हा हिमांशू ओरडायला लागला आणि मग सगळेच ओरडायला लागले. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. ठाणं गेलं, झेंडा गेला, पोरं गेली, तरी त्या थांबेनात. आता थांबायचं कसं हेच त्यांना सुचत नव्हतं.

जीप सुसाट पुढे आली. द्वारकाबाई उडी मारून उतरल्या आणि त्यांनी धावत जाऊन सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"टेका आता," त्या म्हणाल्या. "टेका, इहीणबाई. म्या धरलीय."

प्रमोदिनीबाईंनी पाय टेकला.