बटणांच्या काउंटरचा खांब

सकाळपासून इंजिनीअरबाईंचा जीव एका काचेच्या दारात अडकला होता. माळ्यावरचं दार. परवापर्यंत एका बोटाने सरकायचं ते, आणि पुस्तकांची कपाटं भरल्यापासून जमिनीला घासायला लागलं होतं. ठेकेदार म्हणाला, "नवीन दार आहे मॅडम, बसेल हळूहळू." बाईंनी मान डोलावली खरी, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

इमारत म्हणजे एके काळचं बाजारातलं सर्वांत मोठं कापडाचं दुकान. खाली भलंमोठं दालन, त्यात आरसे लावलेल्या लाकडी खांबांच्या दोन रांगा, आणि त्यांच्यावर चौफेर माळा. दुकान बुडालं, मग गोदाम झालं, मग कबुतरांचं राज्य आलं. आता नगरपालिकेने तिथे वाचनालय थाटलं होतं. जुन्या सांगाड्याला पुस्तकांचं ओझं पेलेल का, हे सांगायचं काम बाईंचं. त्यांनी दोन खांबांचं लाकूड काढून पाहिलं. आत ओतीव लोखंड, अगदी ठणठणीत! बाकीचे खांब उघडू नका, आरसे फुटतील, म्हणून वास्तुकार हातापाया पडला. मग बाईंनी नकाशावर लिहिलं, 'बाकीचे तसेच', आणि खाली सही ठोकली. आता यात बाईंनी काही जगावेगळं केलं का? छे हो. त्या धंद्यात सगळेच लिहितात.

आज उद्घाटन. बाईंनी आईलाही आणलं होतं, कारण तरुणपणी आई याच दुकानात बटणांच्या काउंटरवर उभी राहायची.

"अगं बाई, आरसे तस्सेच ठेवलेत की!" आई दारातूनच ओरडली आणि गुडघेदुखी विसरून तरातरा कोपऱ्यातल्या खांबापाशी गेली. तिने लाकडावर दोनदा ठोकलं. मग इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला.

"चिमे, आता मालकही नाहीत आणि तुझे बाबाही नाहीत. सांगूनच टाकते. तू तेव्हा नुकती चालायला लागली होतीस. घरी सांभाळायला कोण होतं? तुला इथे काउंटरखाली बसवायचे. मालकांची फेरी आली की या खांबाची फळी सरकवायची, तुला आत ठेवायचं आणि हातात बटणांची माळ द्यायची. तू घाबरू नयेस म्हणून बाहेरून दोनदा ठोकायचे. तूही आतून ठोकायचीस. पोटच्या पोरीला कोंडत होते गं मी. इतकी वर्षं सांगायला जीभ रेटली नाही."

बाईंना त्यातलं एकच कळलं होतं. "आत ठेवायचीस? आत काय होतं मग?"

"काय असणार? रिकामा! हा नुसता शोभेचा खांब. समोरच्या रांगेला जोडी हवी म्हणून मालकांनी सुताराकडून करून घेतला होता."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बरोबर त्याच खांबाच्या डोक्यावर सर्वांत जड कपाटं होती. स्वागतगीत म्हणायला शाळेच्या मुली वर जाऊन उभ्या होत्या, आणि पाहुणे जिना चढायला लागले होते. तिथे माळा खचत होता, म्हणून घासत होतं ते दार!

ओरडावं, तर जिन्यावर चेंगराचेंगरी व्हायची. दोन दिवस पेललंय, अजून तासभर पेलेल, असाही विचार मनात येऊन गेला. गाणं संपेल, सगळे उतरतील, मग गुपचूप टेकू लावता येतील, कोणाला पत्ताही लागणार नाही. आपल्या डोक्यात हे येऊ तरी कसं शकतं, याचीच बाईंना भीती वाटली.

त्या जिन्याकडे धावल्या. पाहुण्यांना तिथूनच परत फिरवलं, वर गेल्या आणि तोंडावर उसनं हसू आणून म्हणाल्या, "मुलींनो, गाणं खाली म्हणायचंय. भिंतीच्या कडेकडेने चला. उड्या मारायच्या नाहीत हं!" शेवटची वेणी जिन्यावरून उतरेपर्यंत त्या वरच थांबल्या. मग सरळ नगराध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, सगळ्यांना बाहेर काढा. खांब न उघडता मी सही केली. चूक माझी आहे."

दालन रिकामं झाल्यावर ठेकेदाराने फळी उचकटली आणि बॅटरी मारली. लोखंडाचा पत्ता नव्हता. वर, जिथे तुळईचा भार लाकडावर येत होता, तिथली फळी दबून उभी चिरली होती. खाली एका खिळ्याला बटणांची माळ लटकत होती. ठेकेदाराने ती माळ काढून बाईंच्या हातात दिली आणि टेकू आणायला पळाला.

बाहेर रस्त्यापलीकडच्या बाकावर मायलेकी बसल्या. पाहुणे घोळक्याने उभे होते, आणि कोणी बाईंच्या जवळ येत नव्हतं.

"तुझी नोकरी जाईल का गं?" आई रडवेली झाली होती. "मी मेलीने तोंड उघडायलाच नको होतं."

"सही माझी होती, आई."

बाईंच्या मुठीतली बटणं एकमेकांवर वाजत होती. आईने ते पाहिलं. तिने बाकाच्या फळीवर हळूच दोनदा ठोकलं.

बाईंनीही दोनदा ठोकलं, आणि मग भर रस्त्यात आईच्या खांद्यावर डोकं टेकून त्या ढसाढसा रडल्या.