गार चहाला सिंगल बेल

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गरम काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. आबांनी गार काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. सून या दोघांच्या मध्ये सापडली होती.

आबा निवृत्त बसचालक. सून त्याच डेपोत कंडक्टर. मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन, त्यामुळे घरात ही दोघंच.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. आबांची जीभ पाहिली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर बसायला वेळ लागला.

"उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर परत भरती. सलाइन लावावं लागेल."

आबा छताकडे बघत राहिले. ती उंच खाट, डोळ्यांवर येणारा दिवा, शेजारच्याचं कण्हणं, सगळं एकदा भोगून झालं होतं. पुन्हा तिथं जायचं नावही त्यांना नको होतं. तरी पाण्याचा पेला समोर आला की तोंड भिंतीकडे. मन मोठं चमत्कारिक असतं. ज्याची धास्ती घेतं, नेमकं त्याच वाटेला लागतं.

"चहा दे," आबा बसक्या आवाजात म्हणाले.

"गार करून देऊ?"

"गार चहा म्हणजे टाकून दिलेला चहा."

त्यात त्यांचा तरी काय दोष? जन्म सगळा थांब्याथांब्यावर गेला. चहा हातात पडायचा आणि कंडक्टरची बेल वाजायची. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मग उकळता चहा दोन घोटांत खाली ढकलायचा, नाहीतर पेला तिथंच कठड्यावर सोडून स्टिअरिंग धरायचं. फेरी मारून परत येईपर्यंत त्यात माशी पडलेली असे. गार चहा म्हणून त्यांनी पाहिला होता तो एवढाच.

सुनेनं रजा टाकली आणि स्वयंपाकघरात शिरली. पहिल्यांदा रोजचाच दुधाचा चहा केला आणि वर बर्फ टाकला. बर्फ विरघळला, चहा पाणचट झाला, वर साय तरंगू लागली.

"हे काय, भांडी विसळलीस का यात?"

दुसऱ्यांदा दूध घातलंच नाही, पत्ती खळखळून उकळली आणि पातेलं गरमागरमच फ्रिजमध्ये ठेवलं. चहा गढूळ झाला, वर कडूही.

"रेडिएटरमधलं पाणी असंच दिसायचं," आबा म्हणाले. घसा बसला होता, जीभ नव्हती बसली.

"आबा, तुम्ही उतारू असता ना, तर मी तुम्हाला मधेच उतरवलं असतं."

तिसऱ्यांदा मात्र तिनं घाई केली नाही. पाणी उकळून गॅस बंद केला, मगच पत्ती आणि पुदिना टाकून झाकण ठेवलं. रंग उतरल्यावर गाळून साखर विरघळवली आणि पातेलं खिडकीत निवत ठेवलं. निवल्यावर त्यातला थोडा बर्फाच्या साच्यांत ओतला, म्हणजे बर्फ वितळला तरी चहात चहाच मिसळणार. उरलेला फ्रिजमध्ये ठेवला.

ऊन कलल्यावर ग्लास आबांसमोर आला. तांबूस, नितळ, आत चहाचे खडे. आबांनी तो निरखला, डोळे मिटले आणि एका दमात अर्धा ग्लास घशात ओतला. गारवा थेट कपाळात गेला. ठसका लागला, निम्मा चहा सदऱ्यावर आला.

"बघ! उतरत नाही म्हणून सांगत होतो ना?"

सुनेनं सदरा पुसला. रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. या माणसानं चहा कधी सावकाश प्यायलेला तिला आठवेना.

"उतरेल कसा?" ती म्हणाली. "तुम्हाला डबल बेल कुणी दिली?"

आबांनी हनुवटीवरचा चहा पुसला.

तिनं चमचा उचलला आणि ग्लासवर एकदाच मारला. टण्.

"सिंगल बेल. गाडी उभी आहे."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. आणि मी आज रजेवर आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग ग्लासकडे. लहानसा घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. थांबले. पुन्हा घेतला.

"यात पुदिना आहे होय?"

"मघापासून आहे."

ती इस्त्रीला बसली. गणवेशाची कॉलर झाली, बाह्या झाल्या. मागं बघायचा मोह तिनं आवरला. मधूनमधून बर्फ ग्लासला लागल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

टण्.

तिनं मान वळवली. ग्लास रिकामा होता आणि चमचा आबांच्या हातात.

"डबल द्यायचा हक्क तुझा," आबा म्हणाले. "सिंगल कुणी उतारूही देऊ शकतो."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि फ्रिजकडे गेली.