शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

नेरमध्ये मोटार जळली की लोक जब्बारचाचांकडे यायचे, आणि पोरीचं लग्न ठरलं की तेही जब्बारचाचांकडेच. विहिरीवरची मोटार उघडून तिच्यात नवी तांब्याची तार भरायची हा त्यांचा पोटाचा धंदा, आणि गाणी रचायची ही त्यांची खोड. नाव झालं ते खोडीनं. मंगलाष्टकं, गणपतीची पदं, उर्सातल्या कव्वाल्या, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, जो मागेल त्याला ते द्यायचे आणि चहावर भागवायचे. अट मात्र एक असायची. शेवटच्या अंतऱ्यात ‘जब्बार म्हने’ असं येणार, आणि गाताना ते गाळायचं नाही. याला ते छाप म्हणत. एका लग्नात मंगलाष्टकात जब्बार आला म्हणून भटजी अडखळले, तर वधूपिता अक्षता हातात धरून ओरडला, “म्हना महाराज, चाचाचं हाये ते!” भटजींनी म्हटलं.

“वावराले सातबारा, गान्याले छाप,” चाचा सांगायचे. “छाप नसली त गानं बेवारस. कोनीबी येईन अन् हाकलून नेईन.”

निशिगंधा त्यांच्या दुकानात पहिल्यांदा आली ती वडिलांच्या, बापूजींच्या जळलेल्या मोटारीसोबत. तेव्हा ती कॉलेजात होती. चाचा तार गुंडाळता गुंडाळता एक ओळ घोळवत होते आणि ओळ काही बसत नव्हती. ही आगाऊ पोरगी कोपऱ्यातून म्हणाली, “चाचा, मधातला ‘आता’ काढा ना, मंग बसते.” चाचांनी पान्हा खाली ठेवला. ओळ ‘आता’ काढून म्हणून पाहिली.

“कोनाची व तू?”

“माहीच हाये,” बापूजी ओशाळून म्हणाले. “तोंडाळ हाये जराशी.”

“राहू दे तोंडाळ. ऐतवारी पाठवत जाय इले.”

अशी ती शागीर्द झाली. चाचांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. लिहू द्यायचे नाहीत. “कागदावर ठेवलं का गानं आळशी होते. तोंडात राहू दे, तोंडातच पिकते.” ओळ जमली असं वाटलं की अंगणातली पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घ्यायची आणि ती ओळ म्हणत दारापासून भिंतीपर्यंत चालायचं. आपल्याकडच्या बाया डोक्यावर ओझं घेऊन गातात, गादीवर लोळून नाही, असं त्यांचं म्हणणं. चालताना दम तुटला तर ओळ लांब आहे, मग ती कितीही गोड असो.

“श्वास तुटला,” खाटेवरून आवाज यायचा. “पुन्हा.”

निशिगंधा पुन्हा चालायची. पदरावर पाणी सांडायचं. त्यांची सून फरहाना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हसत म्हणायची, “अब्बा, पानी त कमी भरू द्या तिले!”

दुसरा नियम याहून कडक होता. शागीर्दाच्या गाण्यात छाप उस्तादाची. चाचांनीही त्यांच्या उस्तादाच्या नावानं कितीतरी गाणी केली होती, आणि एके दिवशी उस्तादानं त्यांच्या तोंडात खडीसाखर घालून सांगितलं होतं, आजपासून तुझं नाव घाल. त्या दिवसाची निशिगंधाही वाट पाहायची. चाचा चेष्टा करायचे, “तुहं नाव लय लंबं हाये बाई. ‘निशिगंधा म्हने’ म्हनेपर्यंत ढोलकीवाला घरी जाईन. निशी कर.” त्यावर ती घरी जाताना एसटीच्या खिडकीत तोंड घालून हळूच म्हणून पाहायची, ‘निशी म्हने’. चांगलं वाटायचं.

मग विमलताई गेल्या. निशिगंधाची आई. कापसाच्या ऐन वेचणीत ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत हातचं गेलं होतं. तेरवी झाल्यावर निशिगंधा वावरात गेली. बाकीच्या बायांनी राहिलेला कापूस वेचून नेला होता. पऱ्हाटी, कापसाची रिकामी झाडं, नुसती उभी होती. बांधालगतच्या एका झाडावर मात्र एक बोंड फुटून तसंच राहिलं होतं, कोणाच्या नजरेतून सुटलेलं. ते तोडायला तिचा हात गेला आणि तिनं तो मागं घेतला.

त्यातून गाणं आलं. आधी आलं ते नुसतं रडणं होतं. डोळ्यांतला पूर, काळजाचं पाणी, फाटलेलं आभाळ. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

“रडनं तूच करशीन त आयकनारे काय करतीन बेटा? तू फक्त बोंड दाखव.”

तिनं आभाळ काढलं, पूर काढला. घागर डोक्यावर घेऊन चालली. किती चालली कोण जाणे, पण एका संध्याकाळी भिंतीला हात लागला तेव्हा गाणं पूर्ण होतं आणि दम शिल्लक होता.

*सारं वावर येचलं माय, एक बोंड राहू दे,*
*उद्या येशील म्हनून मले वाट तुही पाहू दे.*

फरहाना खिडकीत हसत नव्हती. चाचांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात निशिगंधानं धीर करून विचारलं, “चाचा, याच्यात माहं नाव घालू?”

चाचांनी टोपी परत घातली. “दुःखाचं पयलं गानं साऱ्याइले साधते, निशी. दुसरं साधू दे. मंग घाल.”

तिला लागलं ते. आईचं गाणं, आणि त्यात नाव दुसऱ्याचं! पण उस्तादाचा शब्द म्हणजे शब्द. तिनं शेवटचा अंतरा तसाच बांधला:

*जब्बार म्हने, माय गेली, पायवाट राहिली,*
*पऱ्हाटीच्या रित्या तासी ओटी तिची पाहिली.*

तास म्हणजे पिकाची ओळ, आणि ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला बाया कमरेला बांधतात ती. विमलताईंची अजून घरी खुंटीला होती.

दुसरं गाणं आलंच नाही. म्हणजे निशिगंधाला सुचत होतं, पण चाचांचं चित्त हरवायला लागलं होतं. एका शेतकऱ्याची मोटार त्यांनी उलटी भरली, ती बटण दाबताच धूर सोडून बसली. मग दुसऱ्याची. मुलानं दुकानाला कुलूप लावलं. नातवांची नावं गेली, नमाजाची वेळ गेली, गाणी एकामागून एक गेली. निशिगंधाला यवतमाळात नोकरी लागली आणि तिचे रविवार कमी होत गेले. या गोष्टीची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की माणूस आणखीच कमी जातो.

मागच्या उन्हाळ्यात बापूजींसोबत ती नात्यातल्या हळदीला गेली. मांडवात डीजे लागला होता. एकाएकी ढोलाच्या ठेक्यावर तिच्या कानावर आलं, सारं वावर येचलं माय. पोरं हात वर करून नाचत होती. नवरदेवाचा मामा तोंडात रुमाल धरून नागीण झाला होता. बापूजी जेवायला बसले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि कोणाशी न बोलता बसस्टँडकडे चालू लागले.

निशिगंधानं मोबाईलवर शोधलं. पुसदच्या कोण्या ऑर्केस्ट्रावाल्या ऋतिकनं ते यूट्यूबवर टाकलं होतं. गीत, संगीत, स्वर, सगळीकडे ऋतिकच. शेवटचा अंतरा नव्हताच. व्हिडिओखाली दिलेल्या नंबरवर तिनं फोन लावला.

“ताई, चोरलं नाई हो,” तो म्हणाला. “मोटारवाल्या जब्बारचाचाकडून आनलं. घरी गेलतो, त्याइनंच म्हनून दाखवलं, घेऊन जाय म्हने. डीजेवर शेवटचा अंतरा कोन आयकते? म्हनून कापला.”

“गानं माहं हाये.”

“मंग छाप चाचाची काहून?”

शागीर्द, उस्ताद, खडीसाखर, हे सगळं त्या पोराला फोनवर काय सांगणार?

“चाचानं एकदा म्हटलं ना ताई, का तुमचं हाये, त मी आजच तुमचं नाव टाकतो. आईशपथ.”

पोरगं वाईट नव्हतं, हाच तर घोटाळा होता. पुराव्याला कागद नव्हताच. तिला आता फक्त चाचांच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं.

ती नेरला पोचली तेव्हा चाचा खाटेवर बसून तांब्याच्या तारेचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत होते. गुंडाळायचे, उलगडायचे. फार वाळले होते.

“कोनाची व तू?”

“बापूजीची. निशी हाये मी, चाचा.”

“हां, हां,” ते म्हणाले, पाहुण्याला म्हणतात तसं.

ती जवळ बसली. “चाचा, ते बोंडाचं गानं आठवते?”

तार थांबली. चाचांनी डोळे मिटले आणि गायला लागले. आवाज चिरलेला होता, पण शब्द एक चुकला नाही. ज्या जागी दम घ्यायचा त्याच जागी त्यांनी दम घेतला. ती ज्या जागा घागर घेऊन चालत शोधत होती, त्याच जागा. शेवटी ‘जब्बार म्हने’ आलं आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळलं.

“अम्मा गेली तवा रचलं म्या,” ते म्हणाले. “लोकाइच्या वावरात येचाले जाये ती. मी लहान होतो, ओटीतल्या कापसावर निजवे मले. अम्मा माही.”

निशिगंधाला फार राग आला. ऋतिकचा आला, त्या कडक नियमाचा आला, आणि या म्हाताऱ्याचाही आला. आधी माझं नाव घेतलंत, आता माझी आईही घेतली? ती उठून अंगणात गेली. फरहाना मागोमाग आली.

“गानं तुहं हाये, निशी,” फरहाना हळू आवाजात म्हणाली. “म्या या खिडकीतून ओळ न ओळ आयकली हाये. मोबाईल काढ, रेकॉर्ड कर, मी सांगते. साऱ्या जगाले सांगीन. फक्त अब्बाइच्या समोर नको.”

निशिगंधानं मोबाईल काढला.

“त्याइच्या अम्माचं नाव घेनं त्याइनं कवाच सोडलं होतं,” फरहाना सांगत होती. “या गान्यानं परत आलं. सकाळी हे म्हनते, तवाच दोन घास जाते पोटात. बाकी काई राह्यलं नाई, पाह्य. मी कोन हेबी नाई.”

आतून पुन्हा आवाज येत होता. एक बोंड राहू दे. ज्याचं सारं वावर वेचून नेलं होतं त्या माणसाकडे एवढं एकच राहिलं होतं, आणि ते तोडायला ती एवढ्या लांब आली होती. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि विहिरीच्या कठड्याला टेकून पोटभर रडली. फरहानानं तिला रडू दिलं.

घरी आल्यावर तिनं बापूजींना सांगितलं. ते खुंटीवरच्या ओटीकडे पाहत राहिले.

“तुह्या मायले नाव कुठं पायजे होतं,” ते म्हणाले. “पन तुले त पायजे होतं ना.”

“हो,” ती म्हणाली. “लय पायजे होतं.”

मग तिनं ऋतिकला फोन केला. गाणं चाचांचं आहे, म्हणाली. ठेका काढ, शेवटचा अंतरा घाल, नाव चाचांचं लाव, नाहीतर तक्रार टाकून खाली उतरवते. ऋतिक सुटल्यासारखा हो म्हणाला. वर विचारलं, “मंग ताई तुम्ही त्या दिवशी तुमचं म्हनत होत्या?” ती म्हणाली, “चुकी झाली.” आयुष्यात इतके जड दोन शब्द तिनं कधी उचलले नव्हते.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी नवं रेकॉर्डिंग घेऊन ती नेरला गेली. अंगणात खाट टाकली होती. तिनं मोबाईल चाचांच्या कानाशी धरला. एकतारी आणि खंजिरीवर गाणं चांगलं उतरलं होतं. ‘जब्बार म्हने’ आलं तसे चाचा ताठ बसले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, फरहानाला दाखवलं, मग निशिगंधाला.

“माहं हाये.”

“हो चाचा. तुमचंच.”

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. जुन्या दुकानात पाहायचे तसं.

“कोनाची व तू? शिकाले आली का?”

फरहाना काही बोलायला गेली. निशिगंधानं मान हलवून तिला थांबवलं. “हो. शिकाले आली.”

“शीक. पयले माहं नाव घालत जाय. रडू नको गान्यात, फक्त दाखव.” ते मोबाईलकडे बोट करून म्हणाले, “मंग एखांद दिवशी तुलेबी असं साधीन. जमलं का सांगजो मले. मी म्हनीन, आता तुहं नाव घाल.”

“सांगीन,” ती म्हणाली.

“घागर घे. हेच म्हन, दारापासून भिंतीलोक.”

घागर तिथंच होती. फरहानानं ती अर्धीच भरून दिली. निशिगंधानं ती डोक्यावर घेतली, एका हातानं धरली आणि चालू लागली. सारं वावर येचलं माय, इथपर्यंत आली. पुढचं येईना. पाणी हिंदकळून खांद्यावर सांडलं.

“श्वास तुटला,” खाटेवरून आवाज आला. “पुन्हा.”

ती दारापाशी परत गेली आणि पहिल्या ओळीपासून म्हणू लागली.