पंधरा मिनिटं बघून जातो

चार तास सांगितले होते आणि साडेपाच तास होऊन गेले, तेव्हा प्लंबरच्या जिवाची नुसती तगमग सुरू झाली. बसला की उठायचा, उठला की ऑपरेशन थिएटरवरच्या लाल दिव्याकडे बघायचा. आत बायको होती. तिच्या मेंदूतल्या एका धमनीला फुगा आला होता, भिंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, कधी फुटेल याचा नेम नाही.

सर्जनबाईंनी दोन उपाय सांगितले होते. मांडीतून बारीक नळी घालून फुगा आतून तारेने भरायचा, नाहीतर कवटी उघडून बाहेरून क्लिप लावायची. धोका दोन्हींत होता, कारण फुगा नेमका बोलण्याच्या जागेजवळ होता. बायको म्हणाली, "तुम्हीच ठरवा. जन्मभर पाइपच तर बघताय." आणि या शहाण्याने पाच मिनिटांत ठरवूनही टाकलं. क्लिप! का, तर आतून भरलेलं काम त्याला कधी पटलंच नव्हतं.

आता तेच त्याला खात होतं. बायकोचं डोकं म्हणजे काय मोरीतला नळ होता?

"बसा की जरा, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "फरशी झिजवाल."

"मी पाइप समजून सही केली गं."

"ताईनेही केलीच ना? मग झालं."

कसलं झालं! कोपऱ्यातल्या बेसिनचा ठिबकणारा नळ तो उगाच आवळून आला. सकाळपासून चालणारी बायकोची टकळी बंद पडली, तर घरात उरणार काय? तो तिला रेडिओ म्हणून चिडवायचा. आज त्याची त्याला लाज वाटली.

अखेर दार उघडलं. सर्जनबाईंच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता.

"क्लिप बसलीय. पहिल्यांदा लावली तेव्हा शेजारची बारीक रक्तवाहिनी दबत होती. काढली, परत लावली. मग लगेच बंद नाही केलं. थोडा वेळ आम्ही सगळे नुसतं बघत बसलो."

प्लंबर भिंतीला टेकून खालीच बसला. तीस वर्षांत सांधा आवळल्यावर तो कधी लगेच निघाला नव्हता. सांध्याला कोरडा कागद गुंडाळायचा, "पंधरा मिनिटं बघून जातो" म्हणायचा आणि कागद ओला होतो का ते उकिडवा बसून बघायचा. गिऱ्हाइकं वैतागायची, घरी जेवण गार होतं म्हणून बायको वैतागायची. तो ढसाढसा रडला.

"बोलेल ना?" त्याने विचारलं.

"शुद्धीवर आल्यावर कळेल."

संध्याकाळी तिने डोळे उघडले. नर्सने नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. प्लंबर पुढे सरकला. मग तिची नजर फिरत फिरत त्याच्या चुरगळलेल्या शर्टावर आली.

"अहो," ती अडखळत म्हणाली, "घरी... जा ना. झालं ना काम?"

त्याने स्टूल कॉटजवळ ओढलं.

"झालंय. पंधरा मिनिटं बघून जातो."