सीतारामरावांचे घड्याळ

मित्रांनो, मी औषधांची शुद्धता तपासणारे एक जुने एनएमआर यंत्र आहे आणि मला माणसांचा राग आहे. पोटात ठेवण्यापेक्षा आधीच सांगितलेला बरा.

१९९३ साली परदेशी मालाला दारे सताड उघडली, तेव्हा मद्रास बंदरातून मला तंजावुरात आणले. तिरुवैयारूच्या रस्त्यावर सीतारामरावांचा औषधांचा कारखाना होता. त्यांनी मला हार घातला आणि माझ्या डोक्यावर नारळ फोडला. पाणी आत झिरपले तरी चालेल, मुहूर्त चुकता कामा नये!

माझे काम सरळ होते. गोळी कुटून, विरघळवून काचेच्या बारीक नळीत घालायची आणि नळी माझ्या चुंबकात सोडायची. रेडिओलहरींना औषधातले अणू उत्तर देत आणि माझी लेखणी कागदावर टोके काढी. शुद्ध औषधाची टोके ठरलेली. एखादे जास्त निघाले, की आत नको ते काही आहे.

मला कनकलता चालवी. चुंबकाने घड्याळे बंद पडतात म्हणून ती येणाऱ्या प्रत्येकाला घड्याळ दाराबाहेर काढायला लावी. सीतारामराव तेवढे ऐकत नसत. मालकाला कसला नियम!

एका सकाळी तापाच्या गोळ्यांची नवी बॅच आली. आरोग्य शिबिराची जीप साडेअकराला त्या गोळ्या खेड्यांतल्या मुलांसाठी नेणार होती. माझ्या लेखणीने एक जास्तीचे टोक काढले.

सीतारामराव तणतणत आले. "नळी धुतली नाहीस गे कनका! तीच घाण ती."

"धुतली, सार. औषध न घालता पण चालवून पाह्यली. रेघ सपाट आली."

"मग तुझं यंत्रच खोटारडं! दाखल्यावर सही कर." माझ्यावर ओणवे होऊन त्यांनी कागद टराटरा फाडला.

मी खोटारडे! चोराच्या उलट्या बोंबा! मी त्यांचे मनगटच धरले. घड्याळाचे काटे दहा वाजून पाच मिनिटांवर थांबले.

कनकलताने ते पाहिले. सगळ्यांना बजावणारी ती बाई त्या दिवशी घड्याळाबद्दल चकार शब्द बोलली नाही.

"परत चालवते, सार. मग सहीचं बघू."

सीतारामरावांनी मनगटाकडे पाहिले. "चालव. वेळ आहे." त्यांनी कॉफी मागवली.

तिने नळी सावकाश धुतली, सावकाश सुकवली. दुसऱ्या कागदावर तेच टोक आले. तिसऱ्यावरही तेच.

तेवढ्यात फाटकावरचा नटराज धावत आला. "अय्यो सार, जीप गेली! सहीचा कागद नाही, म्हणून शिबिराच्या डॉक्टर अम्मांनी पेट्या घेतल्या नाहीत."

"गेली? अत्ताशी दहा वाजले!" सीतारामरावांनी घड्याळ कानाला लावले. मग कनकलताकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही.

संध्याकाळी तिला काढून टाकले. मला गळक्या छपराखाली गोणपाटात गुंडाळले आणि पुढे भंगारात विकले. ती कुठे गेली, मला कोणी सांगितले नाही. तिची आठवण येते.

मित्रांनो, यंत्राची धूळ नाही पुसलीत तरी चालेल, पण त्याने सांगितलेले खरे फाडू नका. माझी शाई कधीच वाळली. चुंबक मात्र शाबूत आहे. खोटे बोलायला येणार असाल, तर घड्याळ घालूनच या.