दीपमालाचं पोट आणि बाजेवरची पंचायत

मित्रांनो, मी पुसेगावातल्या नामाजींच्या घरची एक जुनी बाज आहे. बाभळीचे पाय, सुतळीची वीण. या घरच्या बाळंतिणींनी माझ्यावरच पाठ टेकली, माझ्याखालच्या शेगडीचा शेक घेतला. तेव्हा मला सगळे जपत. आता उठसूट कोणीही येतं, बसतं आणि अक्कल पाजळतं.

गेल्या महिन्यात विषय होता सुनेचा, दीपमालाचा. तिचं पहिलं लेकरू पायाळू होतं, म्हणून माहेरी सिझर झालं. दुसरं बाळंतपण सासरचं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं, की बाळाचं डोकं खाली आहे, नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. पण जुना व्रण आतून फाटण्याचा थोडा धोका असतो, म्हणून दवाखान्यातच, ऑपरेशनची तयारी ठेवून. नाहीतर सरळ सिझर. ठरवा.

झालं! जो तो ठरवू लागला. सासरे नामाजींचा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेला. ते म्हणाले, "एकदा अडलेली शेळी पुन्यांदा अडतीच. सिझरच करा." सासू सिंधूबाई उसळली, "काहून? माझी चारी लेकरं याच बाजंवर झाली. घरीच कळा काढू द्या, अडलं तर नेऊ." नवरा शिवप्रसाद दोघांनाही व्हय म्हणत होता. वाटलं, मोडून पडावं आणि तिघांनाही आपटावं!

दीपमाला दारात उभी होती. तिला कोणी बससुद्धा म्हणालं नाही. शेवटी तीच बोलली, "मामा, मी शेळी न्हाई. अन् आत्याबाई, घरी कळा काढत बसणार न्हाई. हिंगोलीतच प्रयत्न करीन. धोका दिसला तर सिझर." शिवप्रसाद उठला आणि गाडी सांगून आला.

कळा सुरू झाल्या तशी हिंगोली गाठली, प्रयत्न झाला. मध्येच बाळाचे ठोके मंदावले आणि सिझरच करावं लागलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. लगेच शेजारची शालूबाई माझ्यावर टेकली. "शेवटी चिरलंच ना? मंग कायला हट्ट केला?"

दीपमालाने लेकीला जवळ ओढलं. "पयल्या टायमाला मला कोणी इचारलंच न्हाई. या टायमाला डॉक्टरीणबाईनं मला इचारलं. 'करा' असं मी म्हणले."

मित्रांनो, माझी सुतळी सैल झाली तर होऊ द्या. पण घरात कोणी गरोदर असेल, तर आधी तिला विचारा. तिचं सांगून झालं, की मग माझ्यावर खुशाल बसा, पण गप्प बसा!